बहात्तर नंबरचं काय करायचं?

समजा, अमेरिकन फुटबॉलच्या एखाद्या संघाचे तुम्ही जनरल मॅनेजर आहात आणि पदरी एक लेफ्ट टॅकल आहे, म्हणजे बॉल फेकणाऱ्या आपल्या गड्यावर डावीकडून धावून येणाऱ्यांना थोपवणारा. पठ्ठ्या पन्नास वेळा भिंतीसारखा उभा राहतो आणि एक्कावन्नाव्या वेळी समोरच्याची जर्सी मुठीत धरतो; या गुन्ह्याला ‘होल्डिंग’ म्हणतात. याला ठेवावा की नारळ द्यावा? चिंता नको, सल्ला फुकट आहे.

पहिलं पथ्य म्हणजे त्या पन्नास वेळा बघायच्याच नाहीत. बॉल जिकडे जातो तिकडे डोळे ठेवा, आख्खं स्टेडियम तेच करतं. मग फाउलचा पिवळा रुमाल पडेल. रेफरी मूठ वळून, स्वतःचंच मनगट धरून छातीसमोर दाखवेल, माइकवर नंबर पुकारेल आणि संघ दहा यार्ड मागे सरकेल. आता बघा! सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा असतो. मत बनवायला एवढं पुरे.

शंका असेल तर डेन्व्हर ब्रॉन्कोजचा आदर्श ठेवा. 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्यांनी विसाव्या क्रमांकावर गॅरेट बोल्स घेतला, जर्सी नंबर 72. पुढची तीन वर्षं तो आणि पिवळा रुमाल यांची जोडी गावभर गाजली. 2019 मध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध एकाच सामन्यात होल्डिंगसाठी चार रुमाल पडले, तेही घरच्या मैदानावर. आपल्याच माणसांनी हुर्यो उडवली. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी ठेवायचं की नाही, हे तिसऱ्या हंगामानंतर ठरवावं लागतं. संघाने 2020 च्या मे महिन्यात विचारपूर्वक ‘नाही’ म्हटलं. सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर वाचले!

त्याच हंगामात बोल्स असा खेळला की नोव्हेंबर संपायच्या आत त्याच संघाने त्याच्यासमोर चार वर्षांचा 6 कोटी 80 लाख डॉलरचा करार ठेवला. काटकसर असावी तर अशी. (आमच्याकडे भंगारवाल्याला दिलेला पंखा दुसऱ्या दिवशी त्याच्याचकडून दुप्पट पैसे मोजून आणणारे एक काका आहेत. त्यांना डेन्व्हरला कुणी बोलावलं नाही, एवढंच.)

काढून टाकण्यातही सुख आहे म्हणा. न्यूयॉर्क जेट्सला विचारा. 2020 मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलेला मेखाय बेक्टन, गुडघा आणि वजन यांच्या कटकटीनंतर त्यांनी जाऊ दिला. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला टॅकलचा गार्ड केला, म्हणजे जेमतेम एक पाऊल आत सरकवला. फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सना 40-22 हरवून सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला, तेव्हा उजव्या गार्डच्या जागी बेक्टनच होता. पण एक पाऊल सरकवून बघणं हे फार कष्टाचं काम. तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

आता एक गैरसोयीची गोष्ट, वाचून विसरून जा. बोल्सला वळण लावणाऱ्यांत टॅकल-गार्डांच्या लाइनचे कोच माइक मंचाक होते. स्वतः हॉल ऑफ फेममधले गार्ड. पाय कुठे टाकायचा, हात कधी सोडायचा, हे रोज घोटून घेणारे. असा माणूस हाताशी लागलाच तर काय करायचं, तेही डेन्व्हरने दाखवून दिलंय. 2021 चा हंगाम संपला, मुख्य प्रशिक्षक बदलले आणि नव्या चमूत मंचाकना जागा उरली नाही. बहात्तर नंबरला मात्र डिसेंबर 2024 मध्ये आणखी चार वर्षांचा करार मिळाला.