हेझिटेशन होतं म्हणजे नेमकं काय होतं?

"मॅडम, मला इंग्लिश बोलताना हेझिटेशन होतं."

गेली 12 वर्षं मी सदाशिव पेठेत इंग्रजी संभाषणाचे क्लास घेते. नव्या बॅचचा पहिला दिवस या वाक्याशिवाय गेल्याचं मला आठवत नाही. पूर्वी मी लगेच धीर द्यायचे, "बोलत राहा, जाईल." आता विचारते, "होतं म्हणजे काय होतं? मराठीत सांग बरं."

कारण या एका शब्दाखाली आपली कितीतरी वेगवेगळी दुखणी झाकली जातात. शब्द सुचत नाही म्हणून कुणी अडखळतो. चुकेन या धास्तीने कुणी बिचकतो. साहेबांपुढे चाचरतो, केबिनच्या दाराशी घुटमळतो. आणि समोरच्याला काय वाटेल म्हणून भीड बाळगतो, ती तर भिकेची बहीण. अडखळणाऱ्याला शब्द पुरवावे लागतात, बिचकणाऱ्याला चुकायची मुभा द्यावी लागते. दोघांना एकच औषध कसं चालेल?

इंग्रजी शब्दाचं मूळही बघण्यासारखं आहे. हेझिटेट आला लॅटिनमधून, 'हेरेरे' म्हणजे चिकटणे, या क्रियापदापासून. गोंदाच्या ट्यूबवरचा अ‍ॅडहेसिव्ह त्याच घरातला. पाय चिखलात रुतावा तसं हे थांबणं, पुढे जायचं असतं पण पाय निघत नाही. आपला संकोच मात्र आकुंचनाचा सख्खा भाऊ. त्यात माणूस रुतत नाही, अंग चोरून आक्रसतो.

आणि रिलक्टंट? मुलं तो हेझिटंटच्या जागी बिनदिक्कत वापरतात. त्याच्या मुळाशी कुस्ती आहे, झुंजून विरोध करणं आहे. हेझिटंट माणसाचं अजून ठरलेलं नसतं. रिलक्टंट माणसाचं मन नाहीकडे झुकलेलं असतं, केलं तरी तो नाखुशीनेच करणार.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर ऐका. माझी एक विद्यार्थिनी हिंजवडीत नोकरी करते. तिला 6 महिन्यांसाठी बंगळूरला जाण्याबद्दल विचारणा झाली. जायची तिची फार इच्छा होती, फक्त आईच्या ऑपरेशनची तारीख कळायची होती. तिने मेलमध्ये लिहिलं, "आय अ‍ॅम रिलक्टंट टू गो." दोन दिवसांत ते काम दुसऱ्याला गेलं. "आय नीड टू डेज टू डिसाइड" एवढं साधं वाक्य पुरलं असतं. तिच्या साहेबांचाही मला राग आला. एवढी कामाची मुलगी नाही म्हणते, तर एकदा बोलावून विचारावं की नाही?

तिने मोबाईलवर त्यांचा मूळ मेल दाखवला. खाली लिहिलं होतं, "प्लीज डोन्ट हेझिटेट टू कॉल." म्हणजे निःसंकोच फोन करा.

"मग का नाही केलास?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "भीड वाटली मॅडम. साहेब आहेत ना."

हेझिटेशन होतं, असं ती 4 महिने सांगत होती. खरा शब्द त्या दिवशी तिच्या तोंडून आला. तिचं इंग्रजी तसं चांगलं आहे, जीभ कुठेच अडत नव्हती. मग त्या दिवशी आम्ही इंग्रजी घेतलंच नाही. साहेबांनी फोन उचलला की पहिली दोन वाक्यं काय बोलायची, तेवढंच मराठीत ठरवलं. ती जिन्यात गेली आणि तिने फोन लावला.

बंगळूरचं काम गेलं ते गेलंच. पण वर आली तेव्हा म्हणाली, "पुढच्या वेळी माझं नाव धरा, असं सांगितलं मी त्यांना."