‘हेच कॉलेज का?’ असं एमबीबीएसच्या प्रवेशात कुणी विचारत नाही

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिनं विचार करून लावलेली कॉलेजांची यादी खालची वर केली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. मेसेजचं म्हणणं असं: प्रवेशाच्या वेळी ‘हेच कॉलेज का’ यावर मुलाखत होते, उत्तर इंग्रजीत पाठ ठेवा. मार्कांत बसणारं कॉलेजच एक नंबरला टाका, मोठं नाव वर टाकलं की नंबर वाया जातो. मराठवाड्याच्या मुलांना इथं ७० टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा पुण्या-मुंबईचं भरूच नका. आणि नव्या जिल्हा कॉलेजांच्या डिग्रीला किंमत नसते. खाली नाव कुणाचंच नाही, ‘हमखास यादी’ करून देणाऱ्याचा मोबाइल नंबर तेवढा आहे.

मुलाखतीचं आधी. नॅशनल मेडिकल कमिशन कायदा २०१९ चं कलम १४ वाचा. एमबीबीएसच्या प्रवेशाला देशभर नीट ही एकच परीक्षा आणि त्यावर सामाईक समुपदेशन, असं त्यात सरळ लिहिलंय. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल, म्हणजे प्रवेश परीक्षा कक्ष, कॅप राउंडमधून (एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून) भरतो, उरलेल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यातून जातात. दोन्हीकडे तुमचा गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम यांवरच जागा ठरते. कॉलेजात गेल्यावर टेबलापलीकडचा माणूस नीटचं गुणपत्रक, बारावीची मार्कशीट, डोमिसाइल, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, मेडिकल फिटनेस मागतो. आपल्याकडे हातची जागा जाते ती या कागदांपायी, विशेषतः जात वैधतेपायी. उत्तरं घोकण्यात जाणारे दिवस जात पडताळणी समितीकडे पाठपुरावा करण्यात घाला.

एक अपवाद मात्र मान्य करावा लागेल. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात, नीटनंतर खरोखर मुलाखत होते. तिथं ‘इथंच का’ याचं उत्तर लागतं, कारण शिकून झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत जावं लागतं. बाकी कॉलेजांना हे लागू करणं चूक आहे.

आता क्रमाचं. सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्यानं होतं.

जागा वाटप मुलांच्या क्रमांकानं होतं. समजा एका मुलीचा राज्य गुणवत्ता क्रमांक ३००० आहे आणि तिनं पुण्याचं बीजे, मग घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॉलेज), मग लातूर, मग नांदेड असं भरलंय. तिची पाळी आली की आधी बीजेत तिच्या प्रवर्गाची जागा आहे का ते बघितलं जातं. नसली तर त्याच क्षणी घाटीत, तिथं नसली तर लातूरला. हे सगळं होईपर्यंत ३००१ नंबरच्या मुलाला हातही लावला जात नाही. त्यानं लातूर एक नंबरला टाकलेलं असलं तरी तिच्याआधी त्याला लातूर मिळू शकत नाही. म्हणजे वरती बीजे लिहिल्यानं तिचं काहीही गेलं नाही.

आता तिनं मेसेजवर विश्वास ठेवून ‘सेफ’ म्हणून नांदेड पहिलं टाकलं असं धरा. घाटीत जागा शिल्लक असली तरी तिला नांदेडच मिळणार, कारण तिनं आधी तेच मागितलंय. घाटीची तिची जागा मागच्या क्रमांकाचा कुणी घेऊन जाणार. मुलांचं नुकसान असं होतं, आणि तेही मार्क असून! म्हणून खरोखर जिथं जायचंय ते वर लिहा आणि जिथं मिळालं तरी जाणार नाही ते यादीतच घेऊ नका. ज्या खासगी कॉलेजची फी घराला झेपणार नाही तेही नको. पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतलीत आणि वरच्या पसंतीची आशा असेल, तर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा, फॉर्म भरायचा नाही. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची सीईटी सेलची माहिती पुस्तिका उघडून बघा.

‘मार्कांत बसणारं’ हा शब्दही फसवा आहे. २०२४ ला नीटमध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं होती, २०२५ ला देशात पहिला आलेल्याचे गुण ६८६. खुल्या प्रवर्गाचा पात्रता गुणही १६२ वरून १४४ वर आला. गेल्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचं कॉलेज ठरवणारा तुम्हाला चुकीचंच सांगणार. निवड यादीत आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक बघा, आणि तोही फेरीनिहाय.

७० टक्क्यांचा मुद्दा तर कधीच संपलाय. ७०:३० चा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला, आणि तो जावा म्हणून मराठवाड्यानंच आवाज उठवला होता. आज परभणीच्या मुलाला मुंबईचं केईएम आणि ग्रँट, पुण्याचं बीजे सगळं राज्याच्या यादीनुसार खुलं आहे. भरूच नका म्हणणं म्हणजे मिळालेला हक्क सोडून देणं.

राहिला डिग्रीचा मुद्दा. राज्यातली सरकारी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९५६ पासून चालू असलेली घाटी असो की २०२२ ला सुरू झालेलं धाराशिव, अभ्यासक्रम, परीक्षा आणि डिग्री एकच. पुढे पीजीला, म्हणजे एमडी-एमएसला, नीट पीजीचा क्रमांक चालतो, कॉलेजचं नाव नाही. नव्या ठिकाणी अडचणी असतात हे मात्र खरं. जालना आणि हिंगोलीची पहिली बॅच २०२४ ची, त्यामुळे तिथं वाट दाखवायला सीनियर थोडे. प्राध्यापकांच्या जागा आणि हॉस्टेलचंही आधी विचारून घ्यावं. पण हे त्या त्या कॉलेजात जाऊन तपासायचं असतं. शवविच्छेदनाला एका देहाभोवती किती मुलं उभी राहतात? मेडिसिन, सर्जरी, प्रसूती विभागांत पीजी आहे का? जिथं इंटर्न आहेत तिथं त्यांना विचारा, स्वतःच्या हातानं किती बाळंतपणं केली आणि अपघात विभागात रात्री शेजारी कोण सीनियर असतो. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी आसपासच्या गावांतून सर्पदंशाचे, कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण थेट येतात. हात तयार व्हायला असा वॉर्ड लागतो, आणि तो तुम्हाला हवा असेल तर अंबाजोगाई यादीत कुठं लिहायचं हे तुम्हीच ठरवायचं, मेसेजखालच्या मोबाइल नंबरवाल्यानं नाही.