दिसायलंय ना तुला? मग लिहून दे की!

एका फोल्डरमध्ये १,१८६ फायली. खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात कंप्युटर स्वतःच लिहून दाखवायलाय, इतके आयटम म्हणून. म्हणजे मोजता येतंय. नावानं लावता येतंय, तारखेनं लावता येतंय, साईजनं पण लावता येतंय. पण हीच नावं एका कागदावर उतरवून दे म्हटलं की मुका. अरे दिसायलंय ना तुला? मग लिहून दे की बाबा!

काल दुपारी साडेतीनला सर आले अन् म्हणाले, मॅडम, विद्यार्थ्यांच्या त्या स्कॅन केलेल्या फॉर्मांची यादी तेवढी काढून द्या, पाचला पाठवायचीय. तेवढी. या ‘तेवढी’नं माझी अर्धी नोकरी खाल्लीय. मला वाटलं सोपंय, फोल्डर उघडला, सगळं सिलेक्ट, कॉपी, वर्डमध्ये पेस्ट. तर त्या येड्यानं नावं नाही घेतली, अख्ख्या फायलीच गिळायला घेतल्या, १,१८६ पीडीएफ, अन् मग ते गोल फिरायलं ते फिरायलंच. मारून बंद केलं. नोटपॅडमध्ये पेस्ट केलं तर काहीच नाही, कोरं. प्रिंट शोधलं, राईट क्लिकात नाही, वर नाही, कुठंच नाही. आधीच ते विंडोज ११ चं राईट क्लिक, निम्मं दाखवायचं अन् निम्मं ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागं लपवायचं. दोन वर्षं झाली, मला त्याचा राग जाईना. स्टार्टचं बटण डावीकडनं उचलून मधी आणून ठेवायला वेळ आहे यांना, पण ‘यादी छापा’ असं एक बटण द्यायला नाही.

मग काय, हातानं. मराठी टायपिंग ४० चं सर्टिफिकेट आहे माझ्याकडं, म्हटलं बडवू. १३७ पर्यंत आले अन् लाईट गेली. मे महिना, परभणी, बाहेर ४३ डिग्री, कूलर बंद, अन् तो यूपीएस दोनदा टूं टूं करून वारला. सेव्ह केलं नव्हतं. हो, माहितीय, करायला पाहिजे होतं, आमच्या घरात पण सगळे हेच म्हणायलेत.

लाईट आल्यावर भाच्याला फोन लावला, पुण्यात कंप्युटरचंच काम करतो. तो हसला. आत्या, एका ओळीचं काम आहे, काळी खिडकी उघड, ती कमांड टाईप करायची. उघडली. डीआयआर, स्पेस, स्लॅश, बी. मी उलटा स्लॅश दिला, ‘फाईल नॉट फाउंड’. तो नाही, दुसरा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा. बरं. आता बाण, अन् त्याच्यापुढं ‘यादी’, म्हणजे नावं त्या नावाच्या फाईलीत जातात. कुठला बाण? तो कोन असतो ना, उजवीकडं टोक असलेला. मी डावीकडचा दिला, परत इंग्रजीत शिव्या. डिग्री झालेला पोरगा अन् बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, दहा मिनिटं एका कोनाचं टोक कुणीकडं यावर भांडलो. शेवटी यादी निघाली. त्यात काय? डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स. फायलींचं नाव नाही. कारण म्हणे मी ‘दुसऱ्या घरात’ उभी होते. फोल्डर उघडून वर जिथं पत्ता दिसतो ना, तिथंच सीएमडी टाईप करून एंटर मारायचं असतं. हे आधी सांगायला काय झालं होतं?

परत केलं. बनी तो बनी, नहीं तो परभणी म्हणत एंटर मारलं, तसं आम्ही परभणीतच असल्यामुळं निकाल आधीच माहीत होता. आली यादी. बारा नंबरचा फॉर्म: १२ अन् पुढं सात प्रश्नचिन्हं. तेरा, पुढं अकरा प्रश्नचिन्हं. पोरांची नावं मराठीत टाकली होती ना मी, हौसेनं, तर त्या काळ्या खिडकीला मराठी येत नाही, अक्षराला प्रश्नचिन्ह, काना-मात्रेला वेगळं प्रश्नचिन्ह. जुन्या कृतिदेव फॉन्टातून युनिकोडमध्ये आणताना मजकुराचं जे भजं व्हायचं ते आठवलं अन् माझं डोस्कंच फिरलं. तीस वर्षं आम्ही फॉन्टच्या पाया पडायलोत, अजून संपेना!

मग भाचा म्हणाला, आधी सीएचसीपी स्पेस ६५००१ मार. का, ते विचारलं नाही, मारलं, अन् यादीची ओळ परत. नावं आली. खरंच आली! मला इतका आनंद झाला की मी प्रिंट मारून पळतच सरांच्या टेबलावर ठेवली.

सर बघतात तर एक, त्याखाली दहा, मग शंभर, मग एक हजार. दोन नंबरचा विद्यार्थी कुठंय मॅडम? शोधला. २९९ व्या ओळीत. फोल्डरमध्ये डोळ्यानं बघा, एकानंतर दोनच दिसतोय, पण यादीत एकाची सगळी खानदान संपल्याशिवाय दोनाला जागा नाही. अन् शेवटी सर चष्मा वर करून, १,१८६ विद्यार्थी आहेत, ही १,१८७ ची कशी? अन् हा ‘यादी’ कोण? आडनाव काय याचं?

ती फाईलच होती. यादीची फाईल, स्वतःच स्वतःच्या यादीत जाऊन बसलेली. मला हसू यायलं अन् रडू पण. आमच्या संस्थेत असे बरेच आहेत, काम यादी करायचं, नाव यादीत.

परत बसले, एक्सेलमध्ये टाकून नंबर वेगळे काढून नीट लावलं, ‘यादी’ला हाकललं. सात वाजले. भाच्याला सांगितलं झालं म्हणून, तर तो गार पाण्यासारखा म्हणतो, आत्या, तसं सगळं सिलेक्ट करून राईट क्लिकात ‘कॉपी ॲज पाथ’ असतं, ते नोटपॅडमध्ये पेस्ट केलं असतं तरी नावं मराठीतच आली असती. पोरगा माझ्या समोर नव्हता हे त्याच्या आईचं नशीब.

अन् आज सकाळी सरांचा मेसेज. मॅडम, फाईल मोबाईलवर उघडेना, स्क्रीनचे फोटो काढून टाका. काढले. खाली खाली सरकवत ३० फोटो. फोटोच पाहिजे होते तर फोल्डरचेच काढले असते की, काल साडेतीनला!