फिल्टरचं सोवळं

आजीच्या सोवळ्यावर मी आयुष्यभर हसलो. त्याची फेड मुलुंडच्या एका गृहस्थांकडून सातशे रुपयांत आणलेल्या जुन्या कॅनिस्टर फिल्टरने, म्हणजे माशांच्या टाकीचं पाणी गाळणाऱ्या बंद डब्याने, करून घेतली.

"एकदा धुऊन घ्या, बस," गृहस्थ म्हणाले होते. न्हाणीघरात क्लिपा उघडल्या आणि सडक्या अंड्यांचा वास थेट जिन्यापर्यंत गेला. आत जुनं पाणी तसंच होतं, महिनोन्‌महिने बंद, हवेशिवाय. समोरच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, "गॅस सुटलाय का हो?"

साबण लावायचा नाही, हे मला माहीत होतं. त्याचा अंश राहिला तर माशांच्या कल्ल्यांना झोंबतो. म्हणून आधी व्हिनेगर. टँकरच्या पाण्याने चढलेले पांढरे क्षार त्याने सुटले. स्पंज मात्र हातात घेताच पेढ्यासारखा कुस्करला, तो गेला कचऱ्यात. मग ब्लीच: वीस भाग पाण्याला एक भाग, पंधरा मिनिटं. या दोन्हींच्या मध्ये सगळं चारचारदा खळखळून धुतलं, कारण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला होता तोच. दीड मीटर बाय एक मीटरच्या न्हाणीघरात मला पहिलं महायुद्ध नको होतं.

"आई, त्या निळ्या बादलीला हात लावू नकोस."

"का?"

"माशांची आहे. आणि मला शिवू नकोस, हातमोजे काढायचेत अजून." बोटाला खरचटलं होतं, आणि माशांच्या पाण्यातला एक जिवाणू जखमेतून माणसाच्या कातडीत घर करतो.

आई दाराला टेकली. "वेगळी बादली. शिवायचं नाही. काम झालं की अंघोळ. तुझी आजी वेगळं काय करायची रे?"

मी टूथब्रशने फिल्टरमधला पाणी ढकलणारा पंखा घासत राहिलो. त्या चुंबकी पंख्याचा सिरॅमिक दांडा खडूसारखा मोडतो, त्यामुळे उत्तर न द्यायला सबळ कारण होतं.

मग उरलेलं ब्लीच मारणाऱ्या अँटीक्लोरीनच्या पाण्यात बुडवणं, पुन्हा धुणं आणि दोन दिवस गॅलरीत उन्हात. आईने शेजारचे पापड उचलून नेले. झाकणाच्या रबरी रिंगला व्हॅसलीन चोळणार होतो, पण त्याने रबर फुगतं, म्हणून सिलिकॉन ग्रीस आणलं. नवी रिंग, नवा स्पंज, हातमोजे मिळून अकराशे रुपये झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही शाकाहारी घरात.

एवढं करून फिल्टर झाला निर्जंतुक, म्हणजे माशांच्या दृष्टीने निरुपयोगी. त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात येणारा विषारी अमोनिया पचवतात ते जिवाणूच, आणि ते नव्याने वसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून टाकीतला आधीचा फिल्टर चालूच ठेवला आणि त्याच्या स्पंजाचं तपकिरी पाणी नव्या स्पंजावर पिळलं.

"इतकं धुऊन परत घाण घातलीस?" आई किंचाळली.

मी समजावलं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, जिवाणूंच्या वसाहती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे विरजण लावलंस."

"...हो."

अर्ध्या तासाने मी झाकण उघडून काही फरक पडलाय का बघत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "विरजणाला सारखं हलवू नये!"