ऑटोमन साम्राज्य कुणी जगवलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑटोमन साम्राज्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळींत वाटेला लावणं मला बरं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १७७४ मध्ये रशियाशी झालेल्या कुचुक कायनार्जाच्या तहानंतर हे साम्राज्य संपल्यातच जमा होतं. पुढची जवळपास दीडशे वर्षं ते टिकलं, ते केवळ इंग्लंड, फ्रान्स, रशिया आणि ऑस्ट्रिया यांचं आपसात पटत नव्हतं म्हणून. अशा राज्याच्या पाशांना, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांना, मुत्सद्दी म्हणणं म्हणजे मढ्याला नटवणं. शिवाय मी सुलतानाच्या राजवटीतल्या कत्तलींवर पांघरूण घातलं, असाही तुमचा आरोप आहे.

बड्या सत्तांचं वैर नसतं तर हे राज्य टिकलं नसतं, हे मला मान्यच आहे. मूळ लेखाचा पायाच तो होता. पण नुसत्या वैरानं कुणी वाचत नाही. पोलंडकडे बघा. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचं काय फार सख्य होतं? तरी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत त्यांनी पोलंड वाटून घेतला आणि नकाशावरून पुसून टाकला. वैऱ्यांना वाटणी करून मिटवतासुद्धा येतं. मग इस्तंबूलच्या, म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या, बाबतीत ती वाटणी इतकी वर्षं का झाली नाही? या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मांडणीत मला सापडत नाही.

१८३२ च्या डिसेंबरात इजिप्तचा बंडखोर सुभेदार मेहमेद अली याचा मुलगा इब्राहिम पाशा यानं कोन्याजवळ सुलतानाच्या फौजेचा धुव्वा उडवला. खुद्द वजीरे आझम, म्हणजे सुलतानाचा मुख्य वजीर, कैद झाला. राजधानीचा रस्ता मोकळा पडला आणि इब्राहिम कुताह्यापर्यंत येऊन ठेपला. सुलतान महमूद दुसरा यानं पहिली हाक रशियाला दिलेली नाही, हे लक्षात घ्या. त्यानं नामिक पाशाला लंडनला पाठवून आरमार मागितलं. इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री पामर्स्टन याचं मन वळत होतं, पण मंत्रिमंडळानं नकार दिला. मग ज्या रशियाशी चारच वर्षांपूर्वी युद्ध हरलो, त्याच रशियाचं आरमार सुलतानानं इस्तंबूलजवळच्या बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत बोलावलं. बुडणारा माणूस सापालाही धरतो, अशा अर्थाचं एक वाक्य त्या वेळच्या दरबाराच्या नावावर सांगितलं जातं. १८३३ च्या फेब्रुवारीत रशियन जहाजं आली आणि वसंतात दहा हजारांहून अधिक रशियन सैनिकांनी आशियाच्या किनाऱ्यावर, हुंकार इस्केलेसीला, तंबू ठोकले. तिथे जवळच त्या छावणीची आठवण म्हणून एक मोठा दगड उभा केला गेला. ८ जुलैला तह झाला. त्यातलं गुप्त कलम असं होतं की वेळ आली तर सुलतानानं रशियाला सैन्य द्यायची गरज नाही, भूमध्य समुद्राकडून इस्तंबूलला येणारी दार्दानेल्सची सामुद्रधुनी तेवढी परक्या युद्धनौकांना बंद करावी.

या तहाची बातमी लंडनला पोचली तेव्हा तिथे खळबळ उडाली. नकार देऊन आपण केवढी चूक केली, हे पामर्स्टनला कळून चुकलं. त्यानंतर त्याचं सगळं धोरण एकाच गोष्टीभोवती फिरलं: सुलतानाला पुन्हा रशियाच्या दारात जायला लागू नये. मढ्याला हे साधतं का?

पुढची खेळी रशीद पाशाची. पॅरिस आणि लंडनला राजदूत राहून आलेला हा माणूस १८३७ मध्ये परराष्ट्रमंत्री झाला आणि १६ ऑगस्ट १८३८ ला बाल्टालिमानीला त्यानं इंग्लंडशी व्यापारी करार केला. तुम्ही याला निव्वळ शरणागती म्हणता. करारातल्या मक्तेबंदीच्या कलमाकडे जरा नीट पाहू या. साम्राज्यभरातले सरकारी मक्ते रद्द करायचे, असं त्यात ठरलं. मेहमेद अलीची फौज आणि त्याचं आरमार उभं होतं ते कापसासारख्या मालाच्या मक्त्यावर, आणि कागदोपत्री तो सुलतानाचाच सुभेदार. म्हणजे इंग्रज व्यापाऱ्याला हवं ते देता देता रशीद पाशानं बंडखोर सुभेदाराच्या तिजोरीवरच घाव घातला. १८३९ मध्ये निझिपला सुलतानाची फौज पुन्हा हरली, महमूद वारला आणि आरमारच्या आरमार अलेक्झांड्रियाला जाऊन शत्रूला मिळालं. यापेक्षा वाईट अवस्था काय असणार? तरीही पुढच्याच वर्षी इंग्रज आणि ऑस्ट्रियन जहाजांनी बैरूत आणि अक्का यांच्यावर तोफा डागल्या आणि मेहमेद अलीला सीरिया सोडून इजिप्तवर समाधान मानावं लागलं. रणांगणावर गमावलेला मुलूख इस्तंबूलनं वाटाघाटींत परत मिळवला.

रशियाशी झालेल्या क्रिमियन युद्धाबद्दल तुम्ही लिहिलं आहे की इंग्रज राजदूत स्ट्रॅटफर्ड नाचवेल तसे पाशा नाचले. १८५३ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नात ऑस्ट्रिया, इंग्लंड, फ्रान्स आणि प्रशिया या चौघांनी मिळून रशिया आणि तुर्कांमधल्या वादावर तडजोडीचा एक मसुदा केला. तो करताना तुर्कांना विचारलंसुद्धा नाही. झारनं तो स्वीकारला. म्हणजे पाचही सत्तांचं एकमत झालं होतं! तो मसुदा जसाच्या तसा घ्यायला नकार दिला इस्तंबूलनं. त्यांनी दुरुस्त्या मागितल्या, सप्टेंबरात राजधानीत मदरशांतले विद्यार्थी युद्धाची मागणी करत उठले आणि ऑक्टोबरात युद्ध पुकारलं गेलं. हे शहाणपण होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण निर्णय त्यांचा होता.

आता या जगण्याची किंमत. इथे तुमचं-माझं भांडण नाही. बाल्टालिमानीच्या करारानं परदेशी मालावरची जकात ५ टक्क्यांवर बांधली गेली आणि पुढे ती वाढवायची तर सत्तांची संमती लागायची. परका व्यापारी तेवढे ५ टक्के भरून मोकळा. देशी व्यापाऱ्याला मात्र एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात माल नेताना अंतर्गत जकात भरावी लागतच होती. स्वतःच्याच देशात आपला व्यापारी परक्यापेक्षा जास्त कर भरतो, यासारखी पिळवणूक नाही. मँचेस्टरच्या कापडापुढे अनातोलियाचा विणकर कशाच्या बळावर टिकणार होता? त्यात १८५४ मध्ये युद्धासाठी पहिलं परदेशी कर्ज काढलं गेलं. १८७५ च्या ऑक्टोबरात सरकारनं व्याज पूर्ण भरता येत नसल्याचं जाहीर केलं, आणि १८८१ पासून मीठ, तंबाखू, दारू, मुद्रांक, मासळी आणि रेशीम यांचं उत्पन्न थेट रोखेधारकांच्या मंडळाकडे गेलं. त्या मंडळाची भव्य इमारत इस्तंबूलमध्ये आजही उभी आहे, आता तिथे शाळा भरते. लंडन-पॅरिसच्या सावकारांसाठी मिठाच्या खड्यावर कर देणारा शेतकरी कुठल्याच तहाच्या टेबलावर बसला नव्हता.

आणि कत्तली. तुमचे दोन आरोप एकत्र नांदत नाहीत. साम्राज्य जर मढं होतं, तर १८७६ ला बंड मोडताना बल्गेरियातल्या गावांत ज्या कत्तली झाल्या त्यांचा जाब कुणाला विचारायचा? मी त्या राजवटीला स्वतःचे निर्णय घेणारी मानतो, म्हणूनच तिला जबाबदारही धरतो.

या प्रकरणाशी आपल्या मुंबईचा संबंध आहे, तो मूळ लेखात जागेअभावी आला नव्हता. १८७८ मध्ये रशियन फौज इस्तंबूलच्या वेशीवर आली तेव्हा इंग्लंडचा पंतप्रधान डिझरायली यानं रशियाला धाक दाखवण्यासाठी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला हलवले. पाठोपाठ ४ जूनला इंग्लंडनं सुलतानाशी गुपचूप करार करून सायप्रस पदरात पाडून घेतलं. बदल्यात आशियातल्या मुलखाचं रशियापासून रक्षण करायचं वचन दिलं. मग बर्लिनची परिषद भरली आणि तिच्या ६१ व्या कलमात आर्मेनियन प्रांतांत सुधारणा करण्याची हमी सुलतानानं दिली. देखरेख ठेवायची होती सहा सत्तांनी. इंग्लंडनं काही लष्करी वकील (कॉन्सुल) अनातोलियात नेमले आणि १८८२ पर्यंत ते काढूनही घेतले. त्या वेळचा सुलतान अब्दुल हमीद यानं हे नीट हेरलं होतं: सहा जणांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही, कारण एकानं पाऊल उचललं तर बाकीचे त्याच्याकडे संशयानं बघतात. १८९४ ते १८९६ या काळात आर्मेनियनांचे हत्याकांड चालू असताना सत्तांनी निषेधाचे खलिते पाठवले. इंग्लंडचा पंतप्रधान सॉल्सबरी याच्या मनात आरमार दार्दानेल्समधून आत घालायचं होतं, पण त्याच्या मंत्रिमंडळानं आणि नौदलानं साथ दिली नाही, आणि रशियाला तिथे इंग्रज जहाजं नकोच होती. ज्या वैरानं १८३३ मध्ये महमूदला तारलं, त्याच वैराच्या आडोशाला अब्दुल हमीदनं हे करून घेतलं. तुम्ही ज्याला पाशांचं शून्य कर्तृत्व म्हणता, त्याचा हिशेब मी असा मांडतो. यात कुठे काही खोडून काढायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.