आधी होळी करावी नेटकी

तुमचं ठरलंय तर. मुलांच्या हातातलं ते जाडजूड जादूचं पुस्तक धर्माच्या मुळावर आलंय आणि त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. उत्तम. या विषयात अमेरिकेने गेल्या पंचवीस वर्षांत एवढं काम करून ठेवलंय की नवख्या माणसाला चाचपडायची गरज नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेली पुस्तकं म्हणून हॅरी पॉटरचा पहिला नंबर होता. म्हणजे अनुभवी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून जे शिकण्यासारखं ते मी गोळा केलंय, तुम्ही फक्त काडेपेटी आणा.

सगळ्यात आधी, पुस्तक वाचू नका. आपल्या शाळांच्या भिंतींवर 'वाचाल तर वाचाल' असं रंगवलेलं असतं, ते या कामात साफ उलटं आहे. वाचलंत की घोटाळा होतो. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणतात. इथे हॅरीची माय मेलेली, मावशी जिवंत, आणि पोर जिन्याखालच्या कपाटात झोपतंय. हे वाचून पोटात कालवतं, आणि पोटात कालवलेला माणूस जाळपोळीला उपयोगाचा नाही. न्यू मेक्सिकोतल्या ॲलमोगोर्डो गावच्या पास्टरांना ही गोष्ट बरोबर उमगली होती. ३० डिसेंबर २००१ रोजी त्यांनी चर्चबाहेर पॉटरची होळी केली. तोवर चार भाग आले होते, त्यांतला एकही त्यांनी वाचलेला नव्हता. जॉर्जिया राज्यातल्या एका आईने ही पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयातून काढावीत म्हणून २००५ पासून दोन वर्षं झुंज दिली, पार कोर्टापर्यंत गेली. पुस्तकं पूर्ण का वाचली नाहीत? तर ती फार मोठी आहेत आणि मला चार मुलं आहेत. हे उत्तर पाठ करून ठेवा. चार मुलं नसतील तर सोसायटीचं सेक्रेटरीपद आहे असं सांगा, लोक समजून घेतात.

आता साहित्य. जाळायला प्रती लागतात आणि त्या विकत आणाव्या लागतात. दुकानदार काही विचारत नाही, वाचायला हवी की जाळायला. लेखिकेलाही मानधन दोन्हीचं सारखंच मिळतं. जगभरात पन्नास कोटींवर प्रती खपल्या, त्यांत आपल्या पंथाचाही खारीचा वाटा आहे, याचा विसर पडू नये.

आगीत नेमकं काय जातंय यावर मात्र एकाने नजर ठेवा. ॲलमोगोर्डोच्या होळीत शेक्सपिअरच्या समग्र साहित्याची एक प्रतही पडली. आता त्याच्या 'मॅकबेथ'मध्ये तीन चेटकिणी आहेत, हे खरं. पण ते ज्याला ठाऊक होतं त्याने शेक्सपिअर वाचला असणार. असा माणूस संघटनेत असणं धोक्याचं. पोलंडमधल्या ग्दान्स्कला ३१ मार्च २०१९ रोजी कॅथलिक पाद्र्यांनी आग पेटवली तीत पॉटर होताच, शिवाय एक लाकडी मुखवटा होता आणि हेलो किटीची छत्री होती. छत्रीत सैतान नेमका कुठे बसतो, दांड्यात की काड्यांत, हे मला अजून कळलेलं नाही. पण चूक ती नव्हे. चूक अशी की फोटो फेसबुकवर टाकले. जगभर बोंब झाली आणि शेवटी माफी मागावी लागली. होळीत बोंब आपण मारायची असते, दुसऱ्यांनी नव्हे, एवढं तर आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

आग पेटवायला परवानगीच मिळाली नाही तर? मेन राज्यातल्या लुइस्टनमध्ये २००१ साली हेच झालं. अग्निशमन दलाने नाही म्हटलं. पास्टर डगमगले नाहीत, त्यांनी कात्री आणली आणि पुस्तक कापलं. त्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार, पण हा मार्ग मी सुचवणार नाही. पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक एकदा कापून बघा. पहिली पाच-सहा पानं सटासट जातात. मग पातं पानांत रुतून बसतं, अंगठ्याच्या मुळाशी कात्रीची कडी काचायला लागते, शिवणीपाशी तर हात टेकावे लागतात. चौथा भाग अमेरिकी आवृत्तीत ७३४ पानांचा आहे. आणि खरा धोका पुढेच. कात्री चालवायची तर पानाकडे बघावं लागतं. बघता बघता एक ओळ वाचली जाते. मग तिच्या खालची. मग आधी काय झालं होतं म्हणून माणूस खाली पडलेला तुकडा उचलतो. गेला तो हातचा.

यानंतर श्रद्धा. मुलं या जादूवर विश्वास ठेवतील अशी भीती आपण घालतो, पण तेवढा विश्वास मुलांना झेपत नाही, तो आपल्यालाच ठेवावा लागतो. २०१९ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेत तिथल्या धर्मगुरूंनी ही पुस्तकं ग्रंथालयातून काढली. का, तर त्यातले मंत्र खरे आहेत, माणसाने ते वाचले तर दुष्ट शक्ती येऊ शकतात. अमेरिकेतल्या आणि रोममधल्या भुतं उतरवणाऱ्या पाद्र्यांचा सल्लाही त्यांनी घेतला होता. आमच्या धाकट्याने आठव्या वर्षी याची चाचणी घेतलेली मी स्वतः पाहिली आहे. लाटणं उगारून तो ओट्यावरच्या मिठाच्या बरणीसमोर अर्धा तास मंत्र म्हणत होता. बरणी तसूभर हलली नाही. मग उच्चार चुकतोय म्हणून त्याने लाटण्याचं टोक तिला जरा लावलं, तेव्हा मात्र ती खाली आली. दुष्ट शक्तीही आली. ती स्वयंपाकघरातून आली आणि तिने ते लाटणं काढून घेतलं. तेव्हापासून त्याचा मंत्रांवरचा विश्वास उडाला. नॅशव्हिलकरांचा असा सहज उडणार नाही, म्हणून ते आपले आदर्श.

कपाटाला कुलूप घालणं हा सौम्य उपाय. आर्कान्सातल्या सीडरव्हिलच्या शाळा मंडळाने २००२ मध्ये ठरवलं की पालकांची सही आणल्याशिवाय पॉटर मिळणार नाही. बेसनाच्या लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला की पोरांना स्टूल कुठे आहे ते आपोआप आठवतं, हे त्या मंडळाच्या घरी कुणी सांगितलेलं दिसत नाही. २००३ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तकं परत उघड्या फळीवर ठेवायला लावली.

सगळीच जादू वाईट नसते, याचंही भान हवं. सी. एस. लुईसच्या नार्नियात चेटकीण आहे, बोलणारा सिंह आहे, कपाटातून दुसऱ्या जगात जाता येतं. पण लुईस पक्के ख्रिस्ती. त्यामुळे २००५ साली त्या पुस्तकावर चित्रपट आला तेव्हा त्याची जाहिरात थेट चर्चमध्ये झाली. कपाटातून जाणं धर्माला धरून, पॉटरसारखं फलाट पावणेदहावरून जादूच्या शाळेला जाणं धर्माविरुद्ध. पॉटरच्या सातव्या भागात आईबापाच्या थडग्यावर बायबलमधलं वचन कोरलेलं आहे, असं कुणी म्हणालं तर मान हलवा आणि चहा मागवा. तिथवर पोचायला सहा भाग वाचावे लागतात, तेव्हा सांगणारा माणूस आपला नव्हे.

चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपल्या नावावर एक खणखणीत विजय आहे. फिलिप पुलमन यांच्या १९९५ च्या कादंबरीवर 'द गोल्डन कंपास' २००७ च्या डिसेंबरात आला. पुलमन उघड उघड नास्तिक, पुस्तकात चर्चची सत्ता खलनायक. स्टुडिओ घाबरला आणि त्याने पडद्यावरच्या त्या सत्तेतून धर्म वेचून काढला, पोह्यांतून मिरच्या काढाव्यात तसा. ब्रिटनमधले धर्मनिरपेक्षतावादी त्यावर चिडले. आणि अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने तरीही बहिष्कार पुकारला. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे: चित्रपटात फारसं काही नाही, तोच तर डाव, तो बघून मुलं पुस्तक मागतील. म्हणजे निरुपद्रवी आहे म्हणून घातक. असा युक्तिवाद हाताशी असला की कशावरही बंदी मागता येते, वरणभातावरसुद्धा. चित्रपटाला सुमारे १८ कोटी डॉलर लागले होते, अमेरिकेत जेमतेम ७ कोटी आले. पुढचे दोन भाग निघालेच नाहीत. तो पडला तो बहिष्काराने की मिरच्या काढलेल्या पोह्यांनी, या खोलात जाऊ नका, श्रेय घेऊन मोकळे व्हा. २०१९ पासून तीच कथा मालिका होऊन आली, तीन हंगाम चालली, खलनायक चर्चसकट. तेव्हा आपली मंडळी बहुधा दुसऱ्या कामात होती.

वरिष्ठांच्या भरवशावर मात्र राहू नका. कार्डिनल रात्झिंगर यांनी २००३ मध्ये एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात पॉटरच्या सूक्ष्म मोहाबद्दल चिंता व्यक्त केली. पुढे तेच पोप झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, २००९ मध्ये, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने पॉटरच्या सहाव्या चित्रपटाचं कौतुक छापलं.

पुरावा लागला तर? तोही तयार आहे. जुलै २००० मध्ये 'द ओनियन'ने बातमी दिली की पॉटर वाचून मुलं सैतानाच्या भजनी लागली आहेत. हे थट्टेचं वृत्तपत्र. पण बातमी ईमेलमधून भाविकांत फिरली ती खरी म्हणून. नावातच कांदा आहे, तरी लोकांनी डोळ्यांत पाणी आणून ती पुढे पाठवली. तेव्हा या लेखातलंही जे उपयोगी वाटेल ते बेलाशक उचला.

आणि नेता हवा असेल तर रोमचे भूत उतरवणारे दिवंगत फादर गॅब्रिएले अमोर्थ. पॉटरमागे सैतान आहे, हे त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं. २०११ मध्ये ते एक पाऊल पुढे गेले: योगही सैतानी. तेव्हा होळीला निघताना सकाळच्या वर्गाची गुंडाळलेली चटई गाडीच्या डिकीत राहिली नाही ना, तेवढं बघा. ग्दान्स्कला छत्रीसुद्धा सुटली नव्हती.