‘प्रकाशाचा विषय मायक्रोवेव्हमध्ये कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की फोटोनिक स्फटिक (ठरावीक अंतराने तीच रचना पुन्हा पुन्हा येणारा, काही फ्रीक्वेन्सीच्या लहरी अडवणारा पदार्थ) हा प्रकाशाचा विषय. मायक्रोवेव्हसाठी धातूची पेटी आणि वेव्हगाइड (लहरींना नेणारी वाट) असताना मी माझ्या लेखात त्याचं नको तेवढं कौतुक केलं; शिवाय त्याचा आकार फार मोठा होतो. यातला एक मुद्दा मला मान्य आहे, तो पुढे येईलच.

कल्पना प्रकाशासाठी सुचली हे खरं. भौतिकशास्त्रज्ञ याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी ती १९८७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. पण त्रिमितीय स्फटिकात पूर्ण बँडगॅप (ज्यात लहर कोणत्याच दिशेने जाऊ शकत नाही असा फ्रीक्वेन्सीचा पट्टा) मिळतो, हे १९९१ मध्ये याब्लोनोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं ते मायक्रोवेव्हमध्येच. डायलेक्ट्रिकच्या (वीज न वाहणाऱ्या पदार्थाच्या) ठोकळ्यावर बिंदूंची जाळी आखून प्रत्येक बिंदूतून तीन भोकं पाडली. तिन्ही उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंश कललेली आणि एकमेकांपासून १२० अंशांवर. मिलिमीटरच्या मापाचं हे काम ड्रिलने जमतं. आणि विद्युतचुंबकीय लहरींचं वर्णन करणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांना मापाचं सोयरसुतक नसतं: रचना दहापट लहान केली की फ्रीक्वेन्सी दहापट वाढते.

मी स्वतः दोन धातूच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिना या सिरॅमिकचे ४.४ मिमी जाडीचे रॉड ११ मिमी अंतरावर चौकोनी जाळीत उभे केले होते. नेटवर्क अ‍ॅनालायझरवर ९ ते १२ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पार जाणाऱ्या लहरीचा आलेख खाली कोसळला. मग मधला एकच रॉड उपसला, आणि त्या खड्ड्यात साडेदहाच्या आसपास एक बारीक सुळका उभा राहिला. रेझोनेटर (एक ठरावीक फ्रीक्वेन्सी धरून ठेवणारी जागा) तयार! रॉडची अख्खी ओळ काढली असती तर वेव्हगाइड झाला असता.

आता अँटेना, कारण माझ्या मते खरा उपयोग तिथे आहे. ε (डायलेक्ट्रिक स्थिरांक) १२ असलेल्या जाड सब्स्ट्रेटवर (अँटेनाखालच्या डायलेक्ट्रिक पाटीवर) डायपोल, म्हणजे दोन दांड्यांची साधी अँटेना, ठेवला, तर हवेत जाते त्याच्या सुमारे ४० पट ऊर्जा सब्स्ट्रेट गिळतो. मागे धातू लावला तरी बरीचशी ऊर्जा आतच कोंडून राहते. सब्स्ट्रेटच फोटोनिक स्फटिकाचा असेल आणि फ्रीक्वेन्सी बँडगॅपमध्ये बसत असेल, तर लहरींना आत शिरायला वाटच उरत नाही आणि ऊर्जा हवेत जाते. १९९३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. तुमच्या धातूच्या पेटीकडे याला उत्तर नाही.

शिवाय १०० गिगाहर्ट्‌झला तांब्यातला प्रवाह पृष्ठभागाच्या जेमतेम ०.२ मायक्रॉन थरातून वाहतो. तिथे पृष्ठभागाचा खडबडीतपणाही नुकसान वाढवतो. मिलिमीटर-वेव्हमध्ये (मिलिमीटरच्या मापाच्या लहरींमध्ये) कमी ऱ्हासाचं डायलेक्ट्रिक हवंसं वाटतं ते यामुळे.

आता मान्य असलेला मुद्दा. आकाराबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. स्फटिकाला रचनेची काही आवर्तनं लागतातच, आणि १ गिगाहर्ट्‌झला वरच्याच जाळीत रॉडमधलं अंतर ११ सेंटिमीटर होईल. तिथे मीही धातूच निवडेन. मूळ लेखात मी ‘सर्व मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी’ असं लिहिलं होतं, ते चुकलं. ते वाक्य आज बदललं आहे.